तालीममास्तर कै. गोविंद बल्लाळ देवल

स्मरणिकेच्या यंदाच्या अंकासाठी एखाद्या थोर पुरुषाचे अल्पचरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा प्रथम संतांची व देशभक्तांची नावे मनात येऊन गेली. परंतु त्यांची चरित्रे मजहून अधिकारी लेखकांनी यापूर्वी अनेकदा लिहिली आहेत. शिवाय ज्याचा जन्म खडू, फळा आणि हजेरीपट यांच्या संगतीत गेला, त्याने एखाद्या शिक्षकाचेच चरित्र लिहावे हे अधिक शोभून दिसेल, असे वाटले. म्हणून कै. गोविंद बल्लाळ देवल यांचे नाव मी पुढे केले. देवल हे संगीत शारदा आणि संशयकल्लोळ या नाटकांचे कर्ते म्हणून महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहेत. तथापि त्यांच्या हयातीत नाटकवाली मंडळी त्यांना जो मान देत, तो नाटककाराइतकाच तालीममास्तराचाही होता. नटांना घडविणारा शिक्षक कसा असावा, आणि तो शिक्षक स्वतः कसा घडतो, हे समजून घेण्यास त्यांच्या चरित्राइतके चांगले साधन मराठीत क्वचितच सापडेल. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. पण विद्या घेताना गुरूची ज्ञाती विचारण्याची चाल आपल्या घरांत कधी नव्हती व नसावी.

देवलांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी त्यांच्यापूर्वी नाटकाची स्थिती काय होती, ते थोडक्यात पाहिले पाहिजे. इ. स. १८४३ साली सांगली येथे विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवर नाटकाचा प्रयोग केला, आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला असे आपण मानतो. त्या काळच्या पौराणिक नाटकांत सूत्रधार पद्ये म्हणून कथा पुढे नेई, आणि पात्रे मधूनमधून आपल्या मनाने भाषणे करीत. राक्षसाने आरोळ्या ठोकाव्या, देवाने गंभीर उभे राहावे, स्त्रीपात्राने पदर सावरावा, एवढ्यावर काम भागे. हे शिक्षण पाहून पाहून होत असे. आपल्या दिंडोरी, पेठ, सुरगाणा भागातील वाचकांनी बोहाड्याची सोंगे पाहिली आहेतच. मुखवटा कसा बांधावा, संबळाच्या ठेक्यावर पाऊल कसे टाकावे, हे मुलगा बापाचे पाहून शिकतो. त्यास निराळा मास्तर लागत नाही. जुन्या नाटकाचेही बहुतांशी तसेच होते.

पुढे १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे थोरले माधवराव पेशवे हे नाटक निघाले, आणि आधी लिहून काढलेल्या गद्य नाटकांची, म्हणजे त्या वेळच्या बोलीत बुकिश नाटकांची, प्रथा पडू लागली. आता नटास आपल्या मनाचे बोलून चालेना. दुसऱ्याने लिहिलेली भाषणे पाठ करून, ती आपल्याच अंतःकरणातून निघत आहेत असे प्रेक्षकांस वाटले पाहिजे, ही नवी अडचण उभी राहिली. नाटक कंपन्यांत त्या काळी पुष्कळ मुले दहाबारा वर्षांची असताना दाखल होत. लिहिणेवाचणे बेताचे, उच्चार गावोगावचे, आणि कामे मात्र राजे, मंत्री व राजकन्या यांची. अशांस शिकविणारा कोण? त्यासाठी ज्यास भाषा येते, नाटक समजते आणि मुलांस समजावून सांगण्याची हातोटी आहे, असा मनुष्य हवा होता. हे तिन्ही गुण एका ठिकाणी असणारा मनुष्य बेळगावच्या एका शाळेत तयार होत होता.

गोविंदरावांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी झाला. कृष्णा व वारणा यांच्या संगमावरील सांगलीनजीकचे हरिपूर हे त्यांच्या बालपणाचे गाव. सांगली ही तर मराठी नाटकाची जन्मभूमी. तेव्हा नाटकाचा वारा त्यांच्या अंगास लहानपणीच लागला असल्यास नवल नाही. माध्यमिक शिक्षणासाठी ते बेळगावास गेले. तेथे त्यांना जे शिक्षक लाभले, त्यांत बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे होते. वर्गात शिकविणारे अण्णासाहेब शाळा सुटल्यावर नाटकाच्या नादात रंगून जात. बेळगावात त्यांनी नाटकाची मंडळी जमविली होती, व श्रीशांकरदिग्विजय नावाचे गद्य नाटकही लिहिले होते. विद्यार्थ्याने शिक्षकापासून कोणता विषय घ्यावा हे वेळापत्रकावर अवलंबून नसते. गोविंदरावांनी अण्णासाहेबांपासून जे घेतले ते क्रमिक पुस्तकात कोठेच नव्हते.

शिक्षण पुरे झाल्यावर गोविंदराव बेळगावातच शिक्षक झाले. ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी एका वाक्यात सांगून सोडली आहे. परंतु मज शिक्षकास ती फार महत्त्वाची वाटते. ज्याने वर्गात उभे राहून चाळीस मुलांकडून एखादी कविता म्हणवून घेतली आहे, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होते. मुलगा शब्द बिनचूक म्हणतो तेव्हा त्यास अर्थ कळलाच असेल असे नाही. आणि अर्थ कळला की त्याचा आवाज आपोआप बदलतो. देवल पुढे नाट्यगुरु म्हणून नावारूपास आले, त्याचा पाया या शाळेतच घातला गेला, असे मला वाटते.

इ. स. १८८० साल मराठी रंगभूमीच्या इतिहासात संस्मरणीय ठरले. अण्णासाहेब तेव्हा पुण्यास होते. तेथे एका पारशी नाटक मंडळीचा इंद्रसभा या नाटकाचा प्रयोग त्यांच्या पाहण्यात आला. तो पाहून असे गायनयुक्त नाटक मराठीत का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि कालिदासाचे शाकुंतल त्यांनी मराठीत आणावयास घेतले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात त्याच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अण्णासाहेबांचे वय त्या वेळी सदतीस वर्षांचे होते. पदरी शिक्षकाचा अनुभव होता, नाटके लिहून झाली होती. तरी परक्या भाषेतील मंडळींचे नाटक तिकीट काढून पाहावे आणि त्यापासून शिकावे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. गुरूने असे शिकत असलेले शिष्याने पाहणे, यासारखे दुसरे शिक्षण नाही.

किर्लोस्कर नाटक मंडळीत देवलांनी नट म्हणून कामे केली, आणि तालमींत ते अण्णासाहेबांचे मदतनीस झाले. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर, भाऊराव कोल्हटकर यांच्यासारखे गळ्याचे धनी त्या मंडळीत होते. गाण्यासाठी टाळ्या घेणाऱ्या नटाकडून गद्य भाषणही तितक्याच तोलाने बोलवून घेणे हे सोपे काम नव्हे, आणि ते कसे करावे हे देवलांना गुरूच्या शेजारी उभे राहून पाहावयास मिळाले. शाकुंतलामागून १८८२ साली सौभद्र आले. याच सुमारास पुण्यातील सुशिक्षित हौशी मंडळींनी आर्योद्धारक नाटक मंडळी चालविली होती, तिच्याशीही देवलांचा निकटचा संबंध होता. तेथे शेक्सपिअरच्या नाटकांची भाषांतरे रंगभूमीवर येत, आणि गाण्याचा आधार नसल्यामुळे नटाची सर्व परीक्षा बोलण्यावर व मुद्रेवर होई. अशा रीतीने एका घरी संगीत नाटक आणि दुसऱ्या घरी गद्य नाटक, असे दुहेरी शिक्षण देवलांना मिळाले.

२ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब किर्लोस्कर दिवंगत झाले. त्यांचे वय अवघे बेचाळीस वर्षांचे होते, आणि रामराज्यवियोग हे नाटक अपुरेच राहिले होते. शिष्याच्या दृष्टीने हा मोठाच आघात होय. परंतु याच आघातानंतर देवलांचे स्वतःचे कर्तृत्व प्रकट होऊ लागले. १८८६ साली त्यांचे दुर्गा हे नाटक आले. त्याचे मूळ सदर्न या इंग्रजी नाटककाराचे. नंतर शूद्रकाचे मृच्छकटिक आणि कालिदासाचे विक्रमोर्वशीय ही संस्कृत नाटके त्यांनी मराठीत आणली. १८९० साली शेक्सपिअरच्या ऑथेल्लोवरून झुंझारराव रचिले. १८९३ साली बाणाच्या कादंबरीवरून शापसंभ्रम, आणि मर्फी या इंग्रजी लेखकाच्या एका प्रहसनावरून फाल्गुनराव लिहिले. या मर्फीचे मूळही मोलिएर या फ्रेंच नाटककारात आहे. काही टीकाकार असे म्हणतात की, देवलांच्या सात नाटकांपैकी एकच नाटक स्वतंत्र, बाकी सर्व उसनवारी. हिशेब खरा आहे. परंतु शिक्षकाच्या नजरेने पाहता ही उसनवारी म्हणजे त्यांचा अभ्यासक्रम होता. शूद्रक, कालिदास, बाण, शेक्सपिअर, मोलिएर इतक्या गुरूंच्या घरी ते जाऊन आले. परभाषेतील नाटकाचे प्रत्येक वाक्य आपल्या नटाच्या तोंडी बसेल असे घडविताना, मनुष्य रागात कसा बोलतो, संशयात कसा बोलतो, लाजेत कसा बोलतो, याचा जो विचार करावा लागतो, तोच विचार तालमीत उपयोगी पडतो.

त्याचे फळ झुंझाररावाच्या वेळी दिसले. हे नाटक शाहूनगरवासी नाटक मंडळीने केले, आणि झुंझाररावाचे काम गणपतराव जोशी यांनी केले. गणपतराव तेव्हा तेविशीच्या आसपासचे होते. कंपनीच्या बिऱ्हाडात वाढलेला हा तरुण, शालेय शिक्षण बेताचे. आणि काम असे की, प्रेमळ पती असलेला शूर सरदार दुष्टाच्या कानगोष्टींनी हळूहळू पोखरला जातो व अखेर निरपराध कमळजेचा घात करितो. हा बदल एकदम दाखविला तर प्रेक्षकांस हसू येईल. तो पायरीपायरीने दाखवावा लागतो, आणि प्रत्येक पायरीचे कारण नटास ठाऊक असावे लागते. देवलांनी ते त्यांस शिकविले. गणपतराव जोशी पुढे महाराष्ट्रातील श्रेष्ठ गद्य नट म्हणून गाजले. त्याच मंडळीसाठी प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी त्राटिका हे नाटक दिले. प्राध्यापक आणि शाळामास्तर नाटकाच्या तालमीस जाऊन बसतात, हे त्या काळच्या लोकांस चमत्कारिक वाटले असेल. पण रंगभूमीस प्रतिष्ठा मिळाली ती अशा लोकांमुळेच.

तालीम म्हणजे काय हे तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. प्रत्येक नटास त्याच्या कामापुरती भाषणे एका वहीत उतरून देत. तिला नक्कल म्हणत. नक्कल पाठ झाली की बैठी तालीम. तीत उच्चार, विराम आणि अर्थ पाहावयाचा. नंतर उभी तालीम. तीत कोणी कोठून यावे, कोठे उभे राहावे, दुसरा बोलत असता आपण काय करावे, हे ठरावयाचे. अखेर पोशाख व रंगासह रंगीत तालीम. या सर्व काळात मास्तराच्या हाती मुख्यतः दोन उपाय असतात. एक, स्वतः करून दाखवावे आणि नटास तसेच करावयास लावावे. दुसरा, नटास प्रसंग समजावून द्यावा आणि त्याच्याकडून त्याचे स्वतःचे काढून घ्यावे. पहिला उपाय झटपट फळ देतो. परंतु त्याने दहा नट एकाच मास्तराच्या दहा प्रती होतात. दुसऱ्यास वेळ लागतो, आणि मास्तराचा अभ्यास लागतो. देवलांच्या हाताखालून गेलेले नट पाहिले असता गणपतराव जोशी एका तऱ्हेचे, गणपतराव बोडस दुसऱ्या तऱ्हेचे आणि बालगंधर्व अगदीच तिसऱ्या तऱ्हेचे. तिघांत एकमेकांचे अनुकरण नाही. यावरून मास्तराचा उपाय कोणता असेल, हे सुज्ञांस निराळे सांगावयास नको.

१८९९ साली देवलांचे एकमेव स्वतंत्र नाटक संगीत शारदा किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणिले. पहिला प्रयोग इंदूर येथे झाला. कांचनभट हा द्रव्यलोभी बाप आपली कोवळी मुलगी शारदा भुजंगनाथ नावाच्या जरठ श्रीमंतास देऊ पाहतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ ते जुळवितो. इंदिराकाकू ही आई तळमळते. आणि कोदंड हा तरुण त्यास विरोध करितो, असे त्याचे कथानक. बालाजरठ विवाहाची चाल त्या काळी कित्येक घरांत होती. ती दूर व्हावी म्हणून व्याख्याने झाली, लेख झाले. परंतु ज्या बायाबापड्यांस लेख वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत शारदा पोहोचली. हे कशाने झाले? माझ्या मते त्या नाटकातील बोलण्याने झाले. शारदेच्या मैत्रिणी जशा गप्पा मारतात, आई जशी चिडते व मग रडते, तशीच भाषा आपण माजघरात ऐकतो. असे बोलणे ओरडून म्हणता येत नाही. ते घरच्यासारखेच बोलावे लागते, आणि एका पुरुषाने किंवा मुलाने स्त्रीवेषात ते तसे बोलावयाचे म्हणजे तालीम किती बारकाईची लागत असेल, याची कल्पना करावी. नाटककार देवलांनी जे लिहिले ते तालीममास्तर देवलांस शिकविता येईल असेच लिहिले, आणि म्हणून ते टिकले.

याच शारदेचा आपल्या नाशिकशी एक कायमचा संबंध आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाटकगृहात किर्लोस्कर मंडळीचा शारदेचा प्रयोग होता. बदली होऊन निघालेले कलेक्टर जॅक्सन तो पाहावयास आले असता, अनंत कान्हेरे या तरुण विद्यार्थ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांस १९ एप्रिल १९१० रोजी ठाणे येथे फाशी झाली. यांपैकी देशपांडे हे शिक्षक होते. इतिहासाच्या पुस्तकात ही घटना आपण सर्वांनी वाचली आहे. परंतु त्या रात्री पडद्यावर नाव कोणत्या नाटकाचे होते व ते कोणी लिहिले होते, हे मुलांस विचारल्यास बहुधा उत्तर मिळत नाही. माझ्या वर्गात तरी कधी मिळाले नाही.

इकडे १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत एक सतरा वर्षांचा मुलगा दाखल झाला होता. नारायण श्रीपाद राजहंस हे त्याचे नाव. जग त्यास बालगंधर्व म्हणून ओळखते. त्या वर्षी मिरजेस तो शकुंतला म्हणून प्रथम उभा राहिला. गळा ईश्वरी देणगीचा, रूप देखणे. अशा मुलास काही न शिकविताच प्रेक्षक डोक्यावर घेतील, हे मास्तरास दिसत असते. आणि तेथेच पुष्कळ मास्तर ढिले पडतात. देवलांची तालीम बालगंधर्वांस लाभली, आणि गाण्याइतकेच त्यांचे गद्यही श्रोत्यांच्या कानांत राहिले. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तेव्हा तालमीची धुरा या नव्या मंडळीने देवलांकडे दिली. देवल त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांच्या आसपास होते. ज्या वयात आपण नोकरदार माणसे निवृत्तीचे कागद गोळा करू लागतो, त्या वयात हा मनुष्य नव्या मुलांस घेऊन पुन्हा बैठी तालीम करावयास बसला.

एवढेच नव्हे, तर वीस वर्षांपूर्वी लिहिलेले आपले फाल्गुनराव हे गद्य नाटक त्यांनी पुन्हा हाती घेतले, त्यात पदे घातली, आणि त्याचे संगीत संशयकल्लोळ केले. ज्यास आपले जुने लिखाण पुन्हा उघडून दुरुस्त करावेसे वाटते, तो मनुष्य शिकावयाचा थांबलेला नसतो. हे नाटक रंगभूमीवर आलेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. १४ जून १९१६ रोजी त्यांचे देहावसान झाले. संशयकल्लोळ त्यानंतर रंगभूमीवर आले. बोडस फाल्गुनराव झाले, बालगंधर्व रेवती झाले, आणि शंभर वर्षे लोटली तरी ते नाटक अद्याप होत असते.

असो. चरित्र येथे संपते. परंतु त्यातून निघणारा प्रश्न संपत नाही. नटांस देवलांनी शिकविले, देवलांस अण्णासाहेबांनी शिकविले. पण शिकविणाऱ्यास तयार करण्याची काही सोय असावी, हा विचार आपल्याकडे त्या काळी झाला नाही. एका गुणी माणसापासून दुसऱ्या गुणी माणसाकडे विद्या गेली तर गेली. मध्ये साखळी तुटली तर तुटली. परदेशात याच सुमारास निराळे प्रयत्न चालले होते. लंडनमध्ये १९०४ साली नाट्यशिक्षणाची अकादमी निघाली. रशियात स्तानिस्लाव्हस्की यांनी शारदेच्या आदल्याच वर्षी, १८९८ साली, मॉस्को आर्ट थिएटर सुरू केले होते. आपली अभिनयपद्धती एकट्याने शिकवून पुरणार नाही हे ओळखून, १९१२ साली त्यांनी एक लहानसा प्रयोगवर्ग काढला आणि सुलेर्झित्स्की नावाच्या आपल्या सहकाऱ्यास त्यावर शिक्षक नेमिले. म्हणजे नटाबरोबर नटाचा शिक्षकही तयार करण्याकडे त्यांचे लक्ष होते. त्यांच्या ग्रंथाचे मराठी रूपांतर के. नारायण काळे यांनी केले आहे. आपल्या देशात दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली निघाले. पुढे महाराष्ट्रातील विद्यापीठांतूनही नाट्यविभाग झाले. शिक्षकांच्या बी. एड्. अभ्यासक्रमात २०१४ च्या नियमांन्वये नाट्य व कला यांचा समावेश झाला. हे सर्व स्वागतार्ह होय. तथापि खेड्यातील ज्या शिक्षकास दरवर्षी स्नेहसंमेलनाचे नाटक बसवावे लागते, त्याच्या हाती यातील किती पोहोचते, हे ज्याने त्याने आपल्या अनुभवावरून पाहावे.

माझा अनुभव मी सांगतो. तो माझ्या कमीपणाचा आहे. परंतु देवलांचे चरित्र लिहून तो लपविणे बरे दिसणार नाही. मॅट्रिक होऊन, अध्यापक विद्यालयाचा अभ्यासक्रम पुरा करून मी एका शाळेत रुजू झालो, आणि दुसऱ्याच वर्षी संमेलनाचे ऐतिहासिक नाटक मजकडे आले. अभिनय कसा शिकवावा याचे एक अक्षरही मला ठाऊक नव्हते. मी स्वतः मोठ्याने म्हणून दाखवी, आणि मुलांनी हुबेहूब तसेच म्हणावे असा हट्ट धरी. एक मुलगा उंचापुरा होता म्हणून त्यास मी अफजलखान केले. आवाज त्याचा मुळात हळुवार, आणि नुकताच फुटू लागलेला. मी त्यास पंधरा दिवस ओरडावयास लाविले. प्रयोगाच्या रात्री पहिल्याच गर्जनेस त्याचा आवाज चिरकला, आणि सर्व गाव हसले. मी पडद्याआडून त्यास आणखी मोठ्याने बोल अशी खूण केली. तो बोलला, लोक पुन्हा हसले. त्यानंतर शाळेत असेपर्यंत तो मुलगा वर्गात वाचावयास कधी उभा राहिला नाही. मी त्यास भित्रा ठरवून मोकळा झालो.

बऱ्याच वर्षांनी तो गृहस्थ आपल्या मुलीस शाळेत घालण्यासाठी आला. नमस्कार केला, खुशाली विचारली, आणि जाताना मुलीस नाटकात तेवढे घेऊ नये अशी विनंती केली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्या रात्री मला झोप आली नाही. त्यानंतर मी नाट्यशिक्षणाच्या एका शिबिरास स्वखर्चाने गेलो. वय पन्नाशीकडे झुकले होते. तरुण मुलांमुलींबरोबर जमिनीवर बसून श्वास कसा घ्यावा येथपासून शिकलो. चारच दिवसांत मला कळले की, त्या मुलाचा खान ओरडला नसता तरी चालले असते. कपटी मनुष्य हळू आवाजात गोड बोलतो, आणि त्याचीच अधिक भीती वाटते. मुलाचा जो आवाज होता तोच त्या कामास पुरेसा होता. मला तो ओळखता आला नाही, इतकेच. पुढे निवृत्त होईपर्यंत जी नाटके बसविली, त्यांत कोणत्याही मुलास मी प्रथम करून दाखविले नाही. त्या गृहस्थाची मुलगी मात्र त्यांपैकी एकाही नाटकात नव्हती. बापाच्या शब्दाविरुद्ध तिला विचारण्याचा धीर मला झाला नाही.

वाचकहो, शिक्षकाचे अज्ञान कधीकधी एका मुलाच्या जन्माला पुरते, हे सांगण्यासाठी ही हकीकत लिहिली. आपल्या मेळाव्यात दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, तो योग्यच आहे. त्याच रकमेतून वणी व आसपासच्या गावांतील एकदोन शिक्षकांस, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असोत, दर सुटीत नाट्यशिक्षणाच्या शिबिरास पाठविण्याची व्यवस्था व्हावी, अशी माझी नम्र सूचना आहे. खर्च प्रवासाचा व जेवणाचा. तो आपणांस जड नाही. परत आल्यावर त्या शिक्षकाने आणखी चार शिक्षकांस जमवून आपण काय शिकलो ते सांगावे, एवढीच अट असावी. म्हणजे साखळी एका माणसावर लटकून राहणार नाही.

१४ जून या देवलांच्या स्मृतिदिनी अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेतर्फे रंगकर्मींस पारितोषिके दिली जातात. आपल्याकडे शाळा उघडतात तेही साधारण याच दिवसांत. गडाच्या कड्यावर पावसाचे ढग टेकलेले असतात, मुले नव्या वह्या घेऊन येतात, आणि वर्षाचे वेळापत्रक भिंतीवर लागते. त्या वेळी ज्या शिक्षकाच्या नावापुढे स्नेहसंमेलन असे लिहिले जाईल, त्याने बेळगावच्या त्या शाळामास्तराचे एकवार स्मरण करावे, आणि मुलांच्या हाती नक्कल देण्यापूर्वी आपण स्वतः कोठे शिकावयास जाणार आहोत, हे ठरवावे.